गोठ्याच्या दाराचा अडसर : एका जुन्या नळीचे मोल

"मास्तर, येक नाव लिवून देलं असतं तं तुमचं काय गेलं असतं?"

मोझरीचे एक शेतकरी काका भेटले की अजूनही हा प्रश्न विचारतात. रागाने नाही, पण हसूनही नाही. त्या वेळी आम्ही त्यांना धड उत्तर दिले नव्हते. हा लेख म्हणजे ते राहून गेलेले उत्तर आहे.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिक्षक. बी.एड.ला इतिहास घेतला होता म्हणून शाळेत 'तारीख' शिकवण्याचे काम आपोआप आमच्याकडे आले. उर्दूत इतिहासाला तारीखच म्हणतात. त्यामुळे आमच्या भागात कुणाच्या घरी जुना दस्त, सनद किंवा फारसी मोडणीचा शिक्का निघाला की लोक आम्हाला बोलावतात. सगळे वाचता येते असे नाही. पण अलिफ-बे ओळखणारा माणूस आता गावात मिळत नाही, तेव्हा आमच्यावरच भागवून घेतात.

गुरुकुंज मोझरी अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याला, तिवसा तालुक्यात आहे. १९३५ साली तुकडोजी महाराजांनी तिथे आश्रम काढला. १९६८ साली ते गेले, त्यानंतर पुण्यतिथीच्या दिवसांत तिथे माणसांचा पूर लोटतो. त्याच दिवसांत काकांनी आम्हाला घरी नेले. गोठ्याच्या दाराला आतून एक लोखंडी अडसर होता. तो त्यांनी उपसून आमच्या हातात दिला आणि म्हणाले, "पाहा बरं, तुमच्या भाषेत काई लिवलं हाये का?"

तो अडसर म्हणजे बंदुकीची नळी होती. ठासणीच्या बंदुकीची, आपल्याकडे जिला भरमार म्हणतात तिची. लांबी साडेतीन फुटांच्या आसपास. दस्ता नाही, घोडा नाही, मागचे बूड केव्हाच गळून पडलेले. आरपार पाहिले तर समोरचा बैल दिसत होता. बुडाकडच्या भागात सोन्याच्या तारेचे दोन-चार ठिपके उरले होते. तिथेच एक शब्द स्पष्ट वाचता आला : 'अमल'. त्यापुढे नाव असणार. पण नेमका तोच भाग वर्षानुवर्षे भिंतीच्या भोकात रोज सरकत होता. नाव घासून घासून गुळगुळीत झाले होते.

काकांनी मग खरी गोष्ट सांगितली. जुन्या वस्तू घेणारा एक व्यापारी येऊन गेला होता. त्याचे म्हणणे असे की साधी नळी असेल तर तो हजार-दोन हजार देईल. पण तिच्यावर बादशहाचे नाव असेल तर पन्नास हजारांपर्यंत जाईल. नाव पुसले असले तरी हरकत नाही. "उर्दूच्या मास्तरांकडून लिहून आणा, की इथे आलमगीर लिहिले आहे. शाळेच्या माणसाची सही असली की पुरे." काकांचे सोयाबीन त्या वर्षी हातचे गेले होते. सोसायटीचे देणे डोक्यावर होते. आमच्या एका ओळीत त्यांचे पन्नास हजार अडकले होते.

आम्ही ती ओळ लिहिली नाही.

का लिहिली नाही, याचे एक उत्तर सोपे आहे : खोटे लिहायचे नाही. पण तेवढ्याने आमचेच समाधान झाले नाही. प्रश्न त्याहून मोठा आहे. जुन्या, नामांकित हाताच्या नळीला जास्त पैसे का मोजावेत? मोजायचेच असतील तर कशासाठी? लोखंडासाठी, घडणीसाठी, वयासाठी, की नावासाठी? आणि नाव कुणाचे?

नळी कशी होत असे

या प्रश्नाचे सर्वात जुने आणि सविस्तर उत्तर आमच्या माहितीप्रमाणे अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त आहे. अकबराच्या शस्त्रखान्याची हकिगत देताना अबुल फजल बंदुकीच्या नळीवर थांबतो आणि एखाद्या कारखान्याच्या मुनशीसारखे बारीकसारीक सांगतो.

पूर्वी लोखंडाचा पत्रा ठोकून चपटा करत. त्याच्या दोन कडा एकमेकींना भिडवून जोडत. अशा नळीत दारू चौथाईपेक्षा जास्त भरता येत नसे, कारण ती फुटे आणि माणसे जखमी होत. नव्या रीतीत लोखंडाची पट्टी तिरकी गुंडाळत. पगडीचा पेच बसवावा तसा एका वळशावर दुसरा वळसा थोडा चढवत. मग ती हळूहळू तापवून सांधत. दुसरी एक रीत अशी की लोखंडाचे गोल तुकडे तापवून त्यांना सळईने आरपार भोक पाडायचे आणि असे तीन-चार तुकडे जोडून एक नळी करायची. या नळ्या तोंडापर्यंत दारू भरली तरी फुटत नाहीत, असे अबुल फजल लिहितो. दरबारी लेखकाची थोडी अतिशयोक्ती वजा केली तरी त्यातले तत्त्व खरे आहे.

हे तत्त्व आम्ही आमच्या वर्गात बांबू दाखवून समजावतो. बांबू उभा चिरतो, आडवा सहजी तुटत नाही, कारण त्याचे तंतू उभे असतात. घडीव लोखंडाचेही तसेच आहे. त्यातही तंतू असतात, आणि ज्या दिशेला ठोकून लांबवले त्या दिशेला ते जातात. दारू पेटली की नळीवर येणारा ताण तिला उभी फाडू पाहतो. लांबीच्या दिशेने येणाऱ्या ताणाच्या जवळपास दुप्पट ताण घेराच्या दिशेने असतो. सरळ जोडलेल्या नळीचा सांधा नेमका तिथेच असतो जिथे ताण सर्वात जास्त. पट्टी तिरकी गुंडाळली की तंतू नळीभोवती फिरतात आणि सांधाही फिरतो. म्हणून ती टिकते. काकांच्या नळीवरचा गंज आम्ही चिंचेने थोडा घासला तेव्हा तिच्या अंगावर वळशाच्या फिक्या रेषा दिसल्या. साप कातीखाली दिसावा तशा.

लोखंड कुठून येत असे? अकबराच्या राज्यात वऱ्हाड १५९६ साली आले. 'आईन'मधल्या वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात इंदूर आणि निर्मळ या भागात पोलादाच्या खाणी असल्याचा उल्लेख आहे. हे इंदूर म्हणजे माळव्यातले नव्हे, आजचे निजामाबाद. त्याच भागातल्या कोनासमुद्रम गावी मुशीत वितळवलेले पोलाद तयार होई आणि ते विकत घ्यायला इराणचे व्यापारी येत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्हॉयसी नावाच्या इंग्रज भूगर्भतज्ज्ञाने तिथली भट्टी पाहून तिचे वर्णन लिहून ठेवले. म्हणजे ज्या सुभ्याची राजधानी आमचे एलिचपूर, आजचे अचलपूर, त्याच सुभ्याच्या दक्षिण टोकाला पोलादासाठी दूरदेशीचे व्यापारी येत होते. आमची मुले इतिहासाच्या पुस्तकात दमास्कसच्या तलवारीचे नाव वाचतात. तिच्या पात्यावर लाटा उठवणारे पोलाद हिंदुस्थानातूनही जात असे, हे त्यांना कुणी सांगत नाही.

नळीवर काय लिहीत

आता 'आईन'मधली आमच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाची गोष्ट.

नळी लांबीने पुरी झाली, पण बूड बसायचे आहे, अशा अवस्थेत तिला 'दौल' म्हणत. त्या वेळी तिच्यावर लोखंडाचे वजन आणि लांबी आकड्यांत कोरत. मग बूड बसवून, जुन्या दस्त्यावर चढवून, एक-तृतीयांश दारू भरून ती उडवून पाहत. कुठे गळती झाली नाही तर पुढचे काम. पुन्हा परीक्षा. गोळी वाकडी गेली तर नळी तापवायची, आत सळई घालून सरळ करायची आणि मग कानशीवाल्याच्या हाती द्यायची. नक्षी, मीना, सोने हे सगळे त्यानंतर. शेवटी तयार बंदुकीवर काय लिहायचे याची यादी अबुल फजल देतो : कच्च्या लोखंडाचे वजन, तयार लोखंडाचे वजन, लोखंड कुठले, कारागीर कोण, बंदूक कुठे झाली, तारीख आणि क्रमांक.

ही यादी आम्ही वर्गात मुलांना फळ्यावर लिहून देतो आणि विचारतो, यात बादशहाचे नाव कुठे आहे? नाही. कारागिराचे आहे. बादशहाच्या खास बंदुकांना नावे होती हे खरे. 'संग्राम' ही त्यातली पहिली. १५६८ साली चितोडच्या वेढ्यात याच बंदुकीने जयमल पडला असे सांगतात. तिने किती शिकार झाली याचाही हिशेब ठेवलेला आहे : १०१९ जनावरे. पण बंदूक चांगली कशाने झाली, हे ओळखायची रीत वेगळी होती. लोखंड, वजन, परीक्षा आणि उस्ताद. उस्ताद कबीर आणि हुसेन या दोन बंदूककारांची नावे अबुल फजल मुद्दाम देतो. ज्या काळात इतिहासाच्या ग्रंथांत अमीर-उमरावांशिवाय कुणाला जागा नव्हती, त्या काळात दोन लोहार 'आईन'च्या पानावर बसले आहेत. हजरत दाऊदांना आपला उस्ताद मानणाऱ्या लोहारांच्या घरी ही गोष्ट सोन्याच्या अक्षरांत लिहून ठेवावी अशी आहे.

काकांच्या नळीवरचा 'अमल' हा शब्द त्याच रीतीचा आहे. अमल म्हणजे काम, कृती. 'अमल अमुक' म्हणजे 'हे अमक्याचे काम'. त्या शब्दापुढे बादशहाचे नाव येत नाही, बनवणाऱ्याचे येते. म्हणजे व्यापाऱ्याच्या सांगण्याप्रमाणे तिथे आलमगीर लिहिले असते तर त्याचा अर्थ झाला असता : आलमगीर बादशहाने ही नळी स्वतः भट्टीवर बसून ठोकली! टोप्या शिवणाऱ्या आणि कुराण नकलणाऱ्या त्या बादशहावर आम्ही हेही काम लादले असते.

उस्तादाला काय मिळे

पण नाव कोरले म्हणून मोल मिळाले असे समजू नये. इथे तारीख आपल्याला खाली मान घालायला लावते.

फ्रान्सचा वैद्य बर्निये सतराव्या शतकाच्या मध्यानंतर आलमगीरच्या काळात हिंदुस्थानात होता. तो लिहितो की इथले कारागीर युरोपी वस्तूंची इतकी हुबेहूब नक्कल करतात की फरक कळणे कठीण, आणि त्यात उत्तम बंदुका आणि शिकारीच्या बंदुकाही मोडतात. पण पुढे तोच सांगतो की उमरावाला कारागिराची गरज पडली की तो बाजारातून माणूस उचलून आणतो, वेळ पडली तर जबरदस्तीने. काम झाले की मोबदला कामाच्या मोलाने नव्हे, स्वतःच्या मर्जीने देतो. कारागिराने फटके चुकले यातच समाधान मानायचे. बर्नियेला आपल्याकडच्या राज्यव्यवस्थेची निंदा करायची होती, हे ध्यानात ठेवून वाचावे. तरी त्याने रंगवलेले चित्र अगदीच खोटे आहे असे म्हणायला आमची जीभ धजत नाही. आजही चाकू-सुरीला धार लावत गल्लीगल्ली फिरणाऱ्या आमच्या शिकलगार भावांकडे पाहिले की त्याचे म्हणणे आठवते. ज्यांच्या वाडवडिलांनी तलवारींना पाणी दिले, त्यांचे नाव आज इतर मागासवर्गाच्या यादीत आहे. तिथे ते असायलाच हवे. पण इतिहासाच्या यादीतही असायला हवे होते.

हुनर कमी होता म्हणून हे झाले का? नाही. १७६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत बंगालचा नवाब मीर कासिमने मुंगेरला शस्त्रांचा कारखाना काढला. गुर्गिन खान नावाचा आर्मेनियन सरदार त्याचा प्रमुख होता. 'सियर-उल-मुताखरीन' या ग्रंथाच्या इंग्रजी तर्जुम्यात तर्जुमाकाराने टीप दिली आहे, की कंपनीच्या लोकांनी विलायतेहून आलेल्या बंदुका आणि मुंगेरच्या बंदुका शेजारी ठेवून तपासल्या, आणि मुंगेरची गारही चांगली ठरली आणि नळीचे लोखंडही. हा निवाडा आपल्या माणसाने नव्हे, शत्रूने दिलेला आहे. त्याने मीर कासिमचे राज्य मात्र वाचले नाही. १७६४ साली बक्सरला ते गेलेच.

गाविलगड आणि नंतर

तोच धडा आमच्या वऱ्हाडात गाविलगडाने दिला. १८०३ च्या नोव्हेंबरात अडगावला भोसल्यांचा पराभव झाला. तिथून निसटलेली कवायती पलटण गाविलगडावर चढली. किल्लेदार बेनीसिंग होता. १५ डिसेंबरला वेलस्ली आणि स्टीव्हन्सन यांच्या फौजांनी किल्ला घेतला आणि बेनीसिंग लढता लढता पडला. वेलस्लीने वर पाठवलेल्या पत्रात एक गोष्ट नोंदवली आहे : किल्ल्यातल्या पलटणीकडे कंपनीच्याच नव्या बंदुका होत्या. म्हणजे बाजारातला सर्वात महाग, सर्वात नवा माल भिंतीच्या आतही होता आणि बाहेरही. फरक नळीने पडला नाही. तो कवायतीने, रसदीने, तोफांनी पाडलेल्या खिंडाराने आणि आपसातल्या फुटीने पडला. बंदुकीला जास्त पैसे मोजून राज्य टिकत नाही, हे चिखलदऱ्याला सहलीला जाणाऱ्या प्रत्येक मुलाला त्या तटापाशी उभे करून सांगावे.

पुढे १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले. मालकी कागदावर निजामाची, कारभार इंग्रजांचा. ब्रिटिश मुलखातले कायदे हुकूम काढून इथेही लागू होत. १८५७ च्या उठावानंतर शस्त्रे काढून घेण्याची लाट आली. १८७८ साली लॉर्ड लिटनने शस्त्रांचा कायदा केला. हिंदी माणसाला परवाना, गोऱ्या माणसाला सूट. हा भेदभाव लोकांना इतका लागला की १८८७ च्या मद्रास काँग्रेसमध्ये त्याविरुद्ध ठराव झाला. त्या दिवसांत किती घरांतल्या नळ्या विहिरीत गेल्या, किती लोहाराच्या भट्टीत जाऊन पहारी झाल्या, आणि किती अशा गोठ्याच्या दाराला लागल्या असतील! काकांच्या पणजोबांनी नळीचे बूड काढून तिचा अडसर केला, असे त्यांच्या घरात सांगतात. हा त्या कायद्याचा वऱ्हाडातला एक घरगुती दाखला आहे असे आम्ही मानतो.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला. त्यात शेताच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. रोही आणि डुकरांनी हैराण झालेल्या आमच्या शेतकऱ्याला ती माहीत आहे. जे हत्यार जुन्या नमुन्याचे किंवा पुरातन मोलाचे आहे, आणि दुरुस्त करूनही चालू शकत नाही, ते कायद्यातून वगळलेले आहे. पण 'चालू शकत नाही' हे ठरवणार कोण? आम्ही ती नळी नीट तपासायला घरी नेऊ शकलो असतो. काकांनीच म्हटले होते, "घेऊन जा, मास्तर, पोत्यात बांधून देतो." आम्ही नेली नाही. मोटारसायकलला बंदुकीची नळी बांधून अमरावतीच्या नाक्यावरून जायची आमची हिंमत झाली नाही. का, ते या अंकाच्या वाचकांना फोडून सांगायला नको. काकांना मात्र ते बराच वेळ कळले नाही. कळले तेव्हा ते गप्प झाले आणि आतून चहा सांगितला.

आज जास्त पैसे कोण देतो, आणि कशाचे

जगात अशा नळ्यांना जास्त पैसे मिळतात ही गोष्ट खोटी नाही. २०१५ साली लंडनच्या बोनहॅम्स या लिलावघरात टिपू सुलतानाच्या शस्त्रांचा लिलाव झाला. एकूण साठ लाख पौंडांच्या घरात रक्कम गेली, आणि त्यातल्या एका शिकारीच्या बंदुकीलाच सात लाख पौंडांहून अधिक मिळाले. लोक म्हणतात, टिपूच्या नावाचे पैसे. ते खरेच आहे. पण टिपूच्या बंदुकांवर काय असते ते पाहावे. श्रीरंगपट्टणच्या कारखान्याचे नाव, साल आणि सय्यद मासूम यांच्यासारख्या कारागिरांची नावे. १७९९ च्या मे महिन्यात लूट झाली. कोणती वस्तू कोणत्या अधिकाऱ्याकडे गेली आणि पुढे कोणत्या घराण्यात राहिली, याचे कागद कित्येकदा आहेत. म्हणजे पैसे नुसत्या नावाला नाहीत, सिद्ध झालेल्या नावाला आहेत.

अमेरिकेत तर ठासणीच्या रायफलीचा अजून खेळ चालतो. तिथल्या नेमबाजांची राष्ट्रीय संस्था १९३३ साली स्थापन झाली. रायफल म्हणजे जिच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात ती. त्या खाचांनी गोळीला फिरकी मिळते आणि ती सरळ जाते. काकांची नळी आतून साधी, गुळगुळीत आहे. आपल्याकडच्या बहुतेक तोड्याच्या बंदुका तशाच. तिकडे ओहायोचे बिल लार्ज किंवा वेस्ट व्हर्जिनियाची डग्लस कंपनी यांच्या जुन्या नळ्यांना शौकीन लोक आजही जास्त दाम देतात, कारण तो हात आता कामावर नाही. पण नव्या यंत्रावर चांगल्या पोलादाची तितकीच नेमकी नळी आज होते. तेव्हा तिकडच्या जाणत्यांचा हिशेब सरळ असतो. मारायची असेल तर नळीचे आतले अंग पाहा. खाचांच्या कडा झिजल्या असतील, गंजाने खड्डे पडले असतील, तर वरचे नाव कितीही मोठे असले तरी निशाण लागणार नाही. जपून ठेवायची असेल तर नावाचे पैसे द्या, पण नाव खरे आहे याची खातरी करून.

वयाचे तेवढ्यापुरते मोल नसते. उलट वळशाच्या जुन्या नळ्या काळ्या दारूच्या मापाने घडवलेल्या. १८८४ नंतर बिनधुराची दारू आली, तिचा दाब निराळा. ती अशा नळीत भरणे म्हणजे अपघाताला बोलावणे. नक्षीवरही भुलू नये. युरोपात साध्या नळीवर वळशांची खोटी नक्षी उठवून ती भारी म्हणून विकल्याचे दाखले आहेत. खोटे नाव, खोटी नक्षी आणि खोटी सही ही तिन्ही एकाच बाजाराची भावंडे.

आम्ही काय लिहून दिले

तेव्हा आमच्या मते जास्त पैसे तीन गोष्टींना द्यावेत. पहिली, घडण : वळसे दिसतात का, सांधा सलग आहे का, आतले अंग शाबूत आहे का. दुसरी, उस्तादाची खूण : वजन, ठिकाण, 'अमल', नाव, जे वाचता येते तेच आणि तेवढेच. तिसरी, घराची साखळी : ही वस्तू कोणत्या घरात, कुणाकडून, कशी आली. ही तिसरी गोष्ट व्यापाऱ्याच्या पोत्यात वस्तू पडली की त्याच क्षणी तुटते. मोझरीच्या गोठ्यात ती नळी वऱ्हाडच्या दीडशे वर्षांची साक्षीदार आहे. पोत्यात ती नुसते लोखंड, आणि वर आमची खोटी सही असती तर खोटा साक्षीदार.

काकांना आम्ही एक कागद लिहून दिला. लांबी, अंदाजे वजन, वळशाच्या रेषा, सोन्याचे ठिपके, बूड नाही, 'अमल' हा शब्द, पुढचे नाव पुसलेले. घरात सांगतात ती हकिगतही लिहिली. खाली सही केली. त्यांना सांगितले की पोलीस ठाण्यात एक अर्ज देऊन ठेवा आणि नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, आपल्या अजब बंगल्यात, एकदा दाखवा. तिथे शस्त्रांचे दालन आहे, जाणकार माणसे असतात. हेही सांगितले की १९७२ च्या पुरातन वस्तूंच्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांच्या वर वय असलेल्या अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. व्यापारी पुन्हा आला तर आधी तो मागा.

काकांनी मागितला. व्यापारी परत आला नाही. पन्नास हजारही आले नाहीत. सोसायटीचे देणे त्यांनी एक गोऱ्हा विकून भागवले. म्हणून त्यांचा प्रश्न आम्हाला लागतो. आमच्या खरेपणाची किंमत त्यांनी भरली, आम्ही नाही.

काका, तुम्ही विचारता, एक नाव लिहिले असते तर काय गेले असते. आमचे काहीच गेले नसते. गेले असते त्या माणसाचे, ज्याने लोखंड गुंडाळले, तापवले, ठोकले, दोनदा परीक्षा दिली आणि मग भीत भीत 'हे माझे काम' म्हणून आपले नाव कोरले. त्याला उमरावाने मोल दिले नाही. कायद्याने त्याच्या कामाचा अडसर केला. भिंतीने त्याचे नाव पुसले. त्या पुसलेल्या जागेवर बादशहाचे नाव लिहिण्याचे काम तेवढे उरले होते, आणि ते आमच्याकडून करून घ्यायचे होते. आमच्या समाजाकडे लोक तसेही बादशहांचाच हिशेब मागतात. आमच्यातले लोहार, शिकलगार, नालबंद, अत्तार, मोमीन यांचा हिशेब ना कुणी मागतो, ना आम्ही ठेवतो.

वाचकांना एक विनंती आहे. घरात, मशिदीच्या माळ्यावर, शेजाऱ्याच्या गोठ्यात जुनी वस्तू असेल तर विकण्याआधी तिच्यावर काय लिहिले आहे ते वाचून घ्या. वाचता येत नसेल तर वाचणारा शोधा. जे आहे तेवढेच वहीत उतरवा, तारीख घाला, आणि ती वस्तू कुणाच्या हाताने घरात आली ते वडीलधाऱ्यांना विचारून लिहा. 'अमल' या शब्दापुढची जागा रिकामी असेल तर ती रिकामीच ठेवा.